सबव्हर्जन १.६ वरून १.१४ वर: शब्दसूचीच्या रेपोचं घर बदलताना ठेवलेल्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

गौरी-गणपती गुरुवारी गेले. हे काम पुढे ढकलायला आता निमित्त उरलं नाही.

आमचा प्रकल्प छोटा आहे. हनस्पेल या शुद्धलेखन तपासनीसासाठी मराठी शब्दसूची, आणि जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक परिवर्तक. नऊ माणसं, सगळी फावल्या वेळात. त्यातले प्रोग्रामर चारच. बाकी सोलापूरचे निवृत्त मराठीचे सर, नागपूरच्या ताई, आणि शब्द तपासणारे तिघे. २००८ पासूनचं सगळं काम एका सबव्हर्जन रेपोत, म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल इतिहासासह जपणाऱ्या कोठारात आहे. आज सकाळी मोजलं तेव्हा ६,८४३ रिव्हिजन (नोंदवलेले बदल) होत्या आणि आकार २.३ जीबी.

सर्व्हर सेंटओएस ६ वर, त्यावर सबव्हर्जन १.६.११. सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं आम्ही कुलूप नसलेल्या घरात राहतोय. चालतंय तर हात कशाला लावा, हे माझंच धोरण. ज्याच्याकडून हा सर्व्हर भाड्याने घेतलाय त्याची गेल्या आठवड्यात मेल आली: जुनी यंत्रं ३१ ऑक्टोबरला बंद. म्हणून आता.

गिट (याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर) का नाही, हे सगळे विचारणार म्हणून एकदाच लिहून ठेवतो. नऊपैकी पाच जण उजवं बटण दाबून टॉर्टॉइजच्या (सबव्हर्जनचा विंडोजवरचा क्लायंट) यादीतून 'कमिट' निवडतात, म्हणजे केलेला बदल सर्व्हरवर नोंदवतात, आणि त्यांच्यासाठी तेवढंच सबव्हर्जन आहे. शिवाय शब्दांचे तक्ते स्प्रेडशीटमध्ये आहेत. ते मर्ज होत नाहीत, म्हणजे दोघांचे बदल आपोआप एकत्र होत नाहीत. त्यांना लॉक लागतं, एका वेळी एकानेच बदलावं म्हणून. गिटमध्ये ते जमवता येईल, पण सरांना स्टेजिंग म्हणजे काय हे फोनवर समजावण्याची माझी तयारी नाही. विषय संपला.

नवा सर्व्हर: डेबियन १२, सबव्हर्जन १.१४.२, महिन्याला ४५० रुपये. खर्च तूर्त माझ्या खिशातून.

(आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये द्यायच्या.)

१५ सप्टेंबर, रविवार

पहिल्याच दिवशी मूर्खपणा. जुन्या सर्व्हरवर बसून थेट 'एसव्हीएनॲडमिन डंप' दिलं, म्हणजे रेपोचा सगळा इतिहास एका फाइलीत ओतणारी आज्ञा. डंपमध्ये प्रत्येक रिव्हिजनला बदललेली फाइल पूर्ण लिहिली जाते, फरक नाही. फरकच लिहायचे असतील तर 'डेल्टाज' हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. मी दिला नाही. आमच्याकडे आठ-आठ एमबीच्या शब्दफाइली आहेत आणि त्यात लोक एकेक शब्द घालून कमिट करतात. २.३ जीबीच्या रेपोचा डंप फुगत २६ जीबीवर गेला आणि डिस्क भरली. डिस्क भरल्यावर कमिटही बंद. ताईंचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

"अहो, जागा नाही म्हणतंय. माझ्या संगणकावर तर भरपूर जागा आहे."

चाळीस मिनिटं सर्व्हर बंद होता. डंपची फाइल उडवली, पुन्हा सुरू.

मग कळलं की जुन्या यंत्रावर डंप करायची गरजच नव्हती. १.१४ ला जुना एफएसएफएस (सबव्हर्जनची साठवणपद्धत) रेपो वाचता येतो. 'एसव्हीएनॲडमिन हॉटकॉपी'ने रेपोची प्रत घ्यायची (चालू रेपोवरही ती सुरक्षित आहे), ती नव्या यंत्रावर आणायची, आणि डंप-लोड तिथे करायचं (लोड म्हणजे डंप नव्या रेपोत भरणं). मधली फाइलही नको. डंपचं तोंड सरळ लोडला जोडून द्यायचं.

प्रत आणतानाही अडलं. नव्या डेबियनवरून जुन्या यंत्रावर एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जायचा मार्ग) जाता येईना. 'जुळणारा होस्ट-की प्रकार सापडला नाही, समोरच्याकडे एसएसएच-आरएसए आणि एसएसएच-डीएसएस' असा नकार. ओपनएसएसएच ८.८ पासून शा-१ या जुन्या पद्धतीवरची आरएसए सही मुळातच बंद असते, आणि सेंटओएस ६ ला दुसरं काही येत नाही. त्या एका आज्ञेपुरतं 'होस्टकीअल्गोरिदम्स'मध्ये एसएसएच-आरएसए अधिक करून दिलं. कॉन्फिग फाइलमध्ये कायमचं घालू नका.

प्रत आल्यावर 'एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय'. अकरा मिनिटं, एकही तक्रार नाही. सोळा वर्षांचं काम शाबूत निघालं हे बघून चहा केला.

२१ सप्टेंबर, शनिवार

इथे दोन रस्ते होते. 'एसव्हीएनॲडमिन अपग्रेड' दिलं की काही सेकंदांत रेपो नव्या फॉरमॅटचा होतो, पण जुन्या रिव्हिजन जशा लिहिल्या होत्या तशाच पडून राहतात. डंप-लोडने सगळा इतिहास नव्याने लिहिला जातो. मी दुसरा घेतला. खरं कारण एवढंच की इतिहासात काही सडलेलं असेल तर ते लोड करताना बाहेर येईल असं वाटत होतं.

आलं. रिव्हिजन २१२ वर लोड थांबलं: 'एसव्हीएन:लॉग' या प्रॉपर्टीत एलएफ (युनिक्सचा ओळशेवट) सोडून दुसरे ओळशेवट चालत नाहीत, ई१२५००५. २००८ साली विंडोजवरच्या एका स्क्रिप्टने जुन्या शब्दसूच्या ढकलल्या होत्या. तिने कमिट-संदेशात सीआर-एलएफ (विंडोजचे ओळशेवट) घातले आणि तेव्हाच्या सर्व्हरने ते मुकाट्याने घेतले. १.६ पासूनचा सर्व्हर असं घेत नाही.

शोधलं की बहुतेक ठिकाणी 'बायपास-प्रॉप-व्हॅलिडेशन' सांगतात. त्याने घाण तशीच आत जाते आणि पुढच्या स्थलांतरात पुन्हा आडवी येते. १.१० पासून 'नॉर्मलाइज-प्रॉप्स' आहे, ते लोड करतानाच ओळशेवट दुरुस्त करतं. तेच वापरा.

पहिलं लोड ३ तास १० मिनिटं चाललं. नंतर (याच नोंदीत खाली कळेल का) पुन्हा करावं लागलं, तेव्हा 'नो-फ्लश-टू-डिस्क' दिलं आणि ५५ मिनिटांत झालं. मध्ये वीज गेली तर रेपो टाकून द्यावा लागेल एवढाच धोका, आणि लोड अर्धवट राहिलं तर तो तसाही टाकूनच द्यायचा असतो.

आकार कमी होईल अशी आशा होती. उलट थोडा वाढला, २.५ जीबी. १.१० पासून मूळ दाबणी एलझेड४ ची आहे. ती वेगासाठी, जागेसाठी नव्हे. एफएसएफएसच्या कॉन्फिगमध्ये झेडलिब करता येते. नाही केली.

पुन्हा का करावं लागलं? डंप रेपोतला मजकूर आणि इतिहास नेतो. हुक (कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट), कॉन्फिग आणि लॉक नेत नाही, हे मला माहीत होतं. पण रात्री साडेअकराला मी हुक कॉपी करताना आख्खं फोल्डर कॉपी केलं आणि नव्या रेपोचं 'डीबी' (इतिहास असतो ते फोल्डर) जुन्याने झाकून टाकलं. याला तांत्रिक कारण काही नाही. साडेअकरानंतर रूटने (सर्व अधिकार असलेल्या खात्याने) काही करू नये.

२२ सप्टेंबर, रविवार

आज चाचणी. माझीच वर्किंग कॉपी (आपल्या संगणकावरची कामाची प्रत) नव्या सर्व्हरकडे वळवायची.

२०१३ मध्ये मी सगळ्यांना सर्व्हरचा पत्ता म्हणून नुसता आयपी आकडा दिला होता. डोमेनचं नाव दिलं असतं तर आज नऊ यंत्रांवर 'रिलोकेट' करायची, म्हणजे प्रतीला सर्व्हरचा नवा पत्ता सांगायची वेळ आली नसती. या वेळी नाव दिलंय.

'एसव्हीएन रिलोकेट' दिलं तर ई१९५००९: नव्या रेपोचा यूयूआयडी (रेपोचा ओळखक्रमांक) वेगळा, तुमच्या प्रतीत वेगळा. रिकाम्या रेपोत लोड केलं की डंपमधला यूयूआयडी आपोआप लागतो, मग असं का? कारण लोडची ओळ मी २०१६ मधल्या माझ्याच वहीतून उचलली होती. तेव्हा मला चाचणीसाठी वेगळी प्रत हवी होती, म्हणून ओळीत 'इग्नोर-यूयूआयडी' होतं. स्वतःच्या वहीवर इतका विश्वास बरा नाही. जुन्या रेपोत 'एसव्हीएनलुक यूयूआयडी', नव्यात 'एसव्हीएनॲडमिन सेटयूयूआयडी', एक मिनिटाचं काम. पण ते कळायला सव्वा तास.

मग पहिलं कमिट: 'प्री-कमिट हुकने अडवलं, निर्गम संकेत २५५, काही संदेश नाही.' हे २५५ आणि सोबतचं मौन लक्षात ठेवा. त्याचा अर्थ हुक चुकला असा नाही, हुक चाललाच नाही. एकतर फाइल चालवायची परवानगी नाही, किंवा पहिल्या ओळीतला दुभाषी सापडला नाही. आमचा हुक २०११ चा, पायथन २ मधला. डेबियन १२ वर पायथन २ नाही आणि नुसत्या 'पायथन' नावाचंही काही नाही.

पायथन ३ मध्ये आणायला दोन तास. त्यातला दीड तास बाइट आणि अक्षरं यांच्या भांडणात.

हुक चालला, पण देवनागरी नावाची फाइल आली की 'एसव्हीएनलुक' कोलमडे: यूटीएफ-८ मधून स्थानिक एन्कोडिंगमध्ये बदलता येत नाही, आणि पुढे प्रश्नचिन्हं, तिरप्या रेघा आणि २२४, १६४, १८१ असे आकडे. (हा 'व'. आज हे आकडे वाचता येऊ लागलेत, काळजीचं लक्षण.) सबव्हर्जन हुकला रिकामं एन्व्हायर्नमेंट देतं. सर्व्हरच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हर सुरू करण्याची सेटिंग) लोकेल, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग, ठेवलं तरी ते हुकपर्यंत पोचत नाही. दोन्हीकडे वेगळं द्यावं लागतं. युनिटमध्ये 'एलसी_ऑल' सी.यूटीएफ-८ केलं, हुकच्या डोक्यावरही तेच. १.८ पासून 'हुक्स-एन्व्ह' नावाची फाइलही आहे, पण हुकमध्येच लिहिलेलं पुढच्या माणसाच्या डोळ्याला पडतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

बदलीचा दिवस. संध्याकाळी सहाला जुना रेपो फक्त वाचण्यापुरता करायचा, शेवटच्या रिव्हिजन नव्यात न्यायच्या, सगळ्यांना नवा पत्ता द्यायचा.

जुन्यावर 'स्टार्ट-कमिट' हुक लावला. तो काहीही कमिट सुरू होतानाच नाकारतो आणि संदेश दाखवतो. हौसेने मराठीत लिहिलं: 'रेपो नव्या जागी गेला आहे. ईमेल पाहा.' पुण्याच्या विद्यार्थ्याने लगेच स्क्रीनशॉट पाठवला. इंग्रजीत एवढंच: 'हुकचा मजकूर स्थानिक लोकेलमधून यूटीएफ-८ मध्ये आणता आला नाही.' खाली त्याचा प्रश्न, "दादा, हॅक झालंय का?" जुना सर्व्हर सी लोकेलमध्ये सुरू झालेला. गेला आठवडाभर नव्या यंत्रावर हेच निस्तरलं आणि जुन्यावर विसरलो.

दुसरी चूक मोठी होती. ईमेलमध्ये मी लिहिलं: 'सर्वांनी आज रात्रीच टॉर्टॉइज १.१४ घालावं.' गरज नव्हती. सबव्हर्जनच्या १.क्ष मालिकेत जुना क्लायंट नव्या सर्व्हरशी आणि नवा जुन्याशी बोलू शकतो. १.६ चा टॉर्टॉइज १.१४ च्या सर्व्हरवर निवांत चालला असता. फक्त पत्ता बदलायचा होता. पण अपग्रेड म्हटलं की सगळंच अपग्रेड अशी माझी समजूत, आणि त्या एका वाक्याने पुढचे चार दिवस खाल्ले.

२९ सप्टेंबर, रविवार

लॉक. काल बदलीच्या वेळी चार फाइलींवर लॉक होती. डंपबरोबर ती जात नाहीत हे वर मीच लिहिलंय. 'एसव्हीएनॲडमिन एलएसलॉक्स'ची यादी काढून ज्यांची होती त्यांना फोन करायचा, एवढंच करायचं होतं. केलं नाही. नामांचा तक्ता ताईंकडे लॉक होता, त्यांना तो अजून आपल्याकडेच आहे असं दिसत होतं. नव्या सर्व्हरवर ते लॉक नव्हतंच, म्हणून पुण्याच्या विद्यार्थ्याला तेच लॉक मिळालं. दोघांनी दिवसभर एकाच तक्त्यात काम केलं. संध्याकाळी ताईंचं कमिट नाकारलं गेलं. दोन तक्ते शेजारी ठेवून ओळी जुळवत बसलो, रात्री एकपर्यंत. ताई काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाटलं.

३० सप्टेंबर ते २ ऑक्टोबर

सरांचं यंत्र.

सर ७१ वर्षांचे आहेत आणि सूचना अक्षरशः पाळतात. मी 'आज रात्रीच' लिहिलं म्हणून त्यांनी शनिवारी रात्री १.६ काढून १.१४ घातलं. सोमवारी फोन.

"अरे, फोल्डरवरचा तो हिरवा शिक्का गेला. सगळे कोरे दिसतायत."

१.६ पर्यंत प्रत्येक फोल्डरमध्ये एक लपलेलं '.एसव्हीएन' फोल्डर असे. १.७ पासून सगळ्यात वर एकच, आणि आत एसक्यूलाइटचा डेटाबेस. नव्या टॉर्टॉइजला जुनी रचना ओळखता येत नाही, म्हणून शिक्के जातात. उजवं बटण, 'अपग्रेड वर्किंग कॉपी', झालं. एरवी.

सरांकडे नाही झालं. संदेश असा, की आधीची अर्धवट कामं शिल्लक आहेत. ज्या आवृत्तीची ही प्रत आहे त्याच आवृत्तीने आधी 'क्लीनअप' करा, मग अपग्रेड करा. कधीतरी वीज गेली असेल आणि १.६ चं एखादं अपडेट मध्येच तुटलं असेल. ते निस्तरायला १.६ च हवा, आणि तो सरांनी नुकताच काढून टाकलेला.

"सर, ती प्रत सोडून नवीन चेकआउट करू या का?"

"त्यात माझे दीडशे शब्द आहेत, कमिट न केलेले. भाद्रपदातले."

'भाद्रपदातले' म्हणजे सर प्रत्येक महिन्याचे शब्द साठवून अमावास्येला कमिट करतात. सोळा वर्षं हे मला माहीत नव्हतं. लॉगमध्ये तारखा बघितल्या तर खरंच, जवळजवळ सगळी कमिट अमावास्येच्या आसपास.

दीडशे शब्द तीन फोल्डरांतल्या अकरा फाइलींत होते. आधी आख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायला लावलं. मग १.६ चा टॉर्टॉइज शोधला, माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर मिळाला. मंगळवारी संध्याकाळी दुरून त्यांच्या स्क्रीनवर गेलो. १.१४ काढला, यंत्र पुन्हा सुरू, १.६ घातला, पुन्हा सुरू. त्याच्या पुढच्या पायरीला सोलापुरात वीज गेली. बुधवारी, गांधी जयंतीची सुट्टी, सकाळी नऊला परत. क्लीनअप झालं. आता मी शहाणा झालो होतो: अपग्रेड केलंच नाही. १.६ वरच ठेवून नुसतं 'रिलोकेट' केलं. शिक्के हिरवे आणि लाल, जसे हवे तसे. सरांनी लगेच कमिट केलं. बुधवारी सर्वपित्री होती, म्हणजे त्यांच्या वेळापत्रकात काडीचाही फरक पडला नाही.

दुसऱ्या एकाने उलट घोळ घातला. टॉर्टॉइजने प्रत अपग्रेड केली, पण तो कोड लिहितो एक्लिप्समध्ये आणि त्यातलं जुनं प्लगइन नवी रचना वाचू शकेना. अपग्रेड झालेली प्रत मागे नेता येत नाही. प्लगइन नवं घातल्यावर सुटलं. म्हणून: एकाच फोल्डरला हात लावणारी किती सॉफ्टवेअरं त्या यंत्रावर आहेत, हे आधी विचारा.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. संध्याकाळी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली आणि आमच्या गटावर पेढ्यांची चित्रं सुरू झाली. मी त्या वेळी मराठीच्या एका अक्षराशी झटत होतो.

बंगळूरची एक मुलगी याच आठवड्यात नव्याने आली आहे. तिच्याकडे जुना मॅकबुक. तिने ताजं चेकआउट केलं आणि काहीही न बदलता 'स्टेटस' पाहिलं, तर 'वऱ्हाडी' ही फाइल दोनदा. एकदा उद्गारचिन्ह, म्हणजे हरवली. एकदा प्रश्नचिन्ह, म्हणजे अनोळखी. 'दुसऱ्या-फेरीचे-शब्द' तसंच. 'ऱ्हस्व-दीर्घ' तसंच. बाकी शेकडो देवनागरी नावं ठीक.

गटावर निकाल लागलाच होता: अपग्रेडने बिघडवलं.

तीन नावांत समान काय, हे बघायला मला लाजिरवाणा वेळ लागला. तिन्हींत 'ऱ' आहे.

वऱ्हाड, दुसऱ्या, ऱ्हस्व यांतला हा 'ऱ' युनिकोडमध्ये ०९३१ या क्रमांकावर एक स्वतंत्र अक्षर आहे. पण प्रमाण विघटनात त्याचे दोन तुकडे होतात: साधा 'र' (०९३०) आणि खालचा नुक्ता (०९३३ नव्हे, ०९३सी, मी हे दोनदा चुकवलं). मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावं लिहिताना ती अशी फोडूनच ठेवते. सर्व्हरने पाठवलं एक अक्षर, डिस्कने परत दिले दोन. सबव्हर्जन नावं बाइटनुसार ताडून बघतं, त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. म्हणून एक हरवलेलं, एक अनोळखी. युरोपातल्या भाषांचे लोक त्यांच्या स्वरचिन्हांमुळे यात वर्षानुवर्षं अडकतात. सबव्हर्जनच्या त्रुटीयादीत हा मुद्दा २४६४ क्रमांकाने आहे. मराठीत रोजच्या वापरातलं फक्त हे एक अक्षर त्यात सापडतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. नव्या मॅकवरची एपीएफएस प्रणाली नाव दिलं तसं ठेवते, तिथे हा त्रास दिसत नाही.

अपग्रेडशी याचा काही संबंध नाही. १.६ वरही हेच झालं असतं. गटावर लिहिलं, पण तोवर पेढे सुरू होते.

५ ऑक्टोबर, शनिवार

नव्या आवृत्तीचा फायदा झाला तो नेमका इथे. 'एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय'ला १.९ पासून 'चेक-नॉर्मलायझेशन' हा पर्याय आहे. एकाच फोल्डरमधली, दिसायला तीच पण आतून वेगळ्या अक्षरांची नावं तो दाखवतो. चालवला. एक जोडी निघाली: 'वऱ्हाडी' आणि 'वऱ्हाडी'.

लॉग काढला. २०१४ मध्ये एक मुलगी चार महिने मॅकवरून काम करून गेली होती. तिलाही फाइल अनोळखी दिसली असणार, तिने साहजिकच 'ॲड' केलं. तेव्हापासून रेपोत दोन वऱ्हाडी सूच्या आहेत. एकीत ताई दहा वर्षं भर घालतायत. दुसरी तशीच पडून.

ताईंना विचारलं, दोन फाइली कधी दिसल्या नाहीत का?

"दिसतात की. मला वाटलं एक तुमची आहे."

दुसरीत ४३ शब्द असे निघाले जे पहिलीत तेव्हा नव्हते. त्यातले बरेच ताईंनी नंतर आपले आपण पुन्हा घातले होते. 'काऊन' आणि 'पोट्टं' २०१५ मध्ये, लॉगमध्ये त्यांचाच संदेश: 'हे शब्द कसे राहिले?' एकोणीस शब्द मात्र आजतागायत कुठल्याच प्रकाशित सूचीत नव्हते. ते आता आत गेले.

दोन्ही फाइली एक करून जुळी उडवायची, तर टर्मिनलवर कुठली कुठली हे डोळ्याला कळत नाही. नाव टंकून उपयोग नाही, आपला कळफलक एकच रूप देतो. पत्ता टक्क्याच्या चिन्हांत लिहावा लागतो: एकसंध 'ऱ' म्हणजे ई०-ए४-बी१, फोडलेला म्हणजे ई०-ए४-बी० आणि पुढे ई०-ए४-बीसी. सर्व्हरच्या पत्त्यावरच थेट 'डिलीट' आणि 'मूव्ह' दिलं, वर्किंग कॉपीतून नाही.

रात्री आणखी एक रूप सापडलं. सरांचा कळफलक जुना, तो 'ऱ्ह' लिहिताना साधा 'र', हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक २००डी घालतो. युनिकोडला तेही मान्य आहे, जुन्या मजकुराच्या सोयीसाठी. म्हणजे एकसारखी दिसणारी तीन रूपं. आणि हे तिसरं नॉर्मलायझेशनने (अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्याने) पहिल्यासारखं होत नाही, त्यामुळे वरच्या पर्यायाला दिसतही नाही. ते शोधायला वेगळी स्क्रिप्ट लिहिली. अकरा नावं निघाली.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

शस्त्रपूजेला लॅपटॉप ठेवला आणि दुपारी परत काढला.

हुकमध्ये नवा नियम: फाइलीचं नाव रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यातच. देवनागरी आत, नावात नाही. मराठीच्या प्रकल्पाला असा नियम लावताना हात जड झाला. सरांनी फोन करून नापसंती कळवली, "वऱ्हाडला रोमनमध्ये लिहिणं म्हणजे अभिजात दर्जाच्या आठवड्यात बरंच झालं." उत्तर नव्हतं. नियम ठेवला. जुनी नावं एकदम बदलणार नाही, लोकांच्या न केलेल्या कमिटना त्रास होईल. फोल्डर-फोल्डर करत जातोय.

बॅकअप: रोज रात्री 'हॉटकॉपी', 'इन्क्रिमेंटल' पर्यायासह. हा १.८ पासून आहे. आधी दर रविवारी आख्खी प्रत घ्यायचो, वीस मिनिटं. आता चार सेकंद.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

जुनं यंत्र बंद केलं. त्याआधी एकदा लॉगमध्ये बघितलं, कुणी अजून तिकडे ठोठावतंय का. एक होतं: माझ्याच ऑफिसच्या संगणकावरची २०१९ ची विसरलेली प्रत, दर तासाला अपडेट मागणारी.

हिशेब: दोन्ही सर्व्हर एकत्र चालले त्या दीड महिन्याचं जादा भाडं ६७५ रुपये. माझे साधारण ४६ तास, त्यातले सर्व्हरवरचे १४. उरलेल्यातले निम्मे त्या 'आज रात्रीच' या दोन शब्दांचे. जे हेच करणार असतील त्यांनी सर्व्हर बदलावा, पत्ता कळवावा, आणि लोकांच्या संगणकांबद्दल ईमेलमध्ये काही लिहू नये.

सरांकडे अजून १.६ च आहे. आश्विनाचे शब्द उद्या येतील, अमावास्या आहे.